उलटा टाका

६ जानेवारी

चि. धाकट्यास,
अ. उ. आ.

पाववाल्या काकांनी तुझी चिठ्ठी आणून दिली. राजवाड्याच्या शिवणघरात तुला ठेवून घेतलं हे कळलं. आनंद झाला असं लिहीत नाही, कारण तू तिथे नोकरी करायला गेलेला नाहीस. ही आठवण करून द्यावी लागते यातच सगळं आलं. तुझा स्वभाव मला ठाऊक आहे. चांगला उजेड आणि धारदार कात्री मिळाली की तू जग विसरतोस. बाबा तुला दोरा आणायला पाठवायचे आणि तू दुकानदाराची उसवलेली बाही शिवून यायचास, दोरा तिथेच विसरून.

म्हणून पुन्हा एकदा लिहिते. वाच आणि जाळ. दादानं राजाच्या गाडीवर बॉम्ब टाकला, राजा मेला, दादा पकडला गेला. त्याला फाशी होणार हे मलाही कळत होतं, मी काही कुकुलं बाळ नाही. पण नऊ दिवसांत? ना वकील, ना भेट. आई तीन दिवस तुरुंगाच्या दारात बसून राहिली, तिला आत सोडलं नाही, आणि नंतर देहसुद्धा दिला नाही. फाशीच्या कागदावर सही त्या बाईची, राजाच्या राणीची. आईला दारातून हलवा हा हुकूमही तिचाच, असं पहारेकरी आपल्या तोंडानं म्हणाला. राजाला अकरा एप्रिलला वर्ष होईल. तोवर ती काळ्या कपड्यांत कोंडून घेऊन बसलीय, घरच्यांशिवाय आणि शिंप्याशिवाय कोणी तिच्यापाशी पोचत नाही. म्हणून शिंपी पाठवला. दादाच्या त्या चार मित्रांपैकी, म्हणजे आपल्या मंडळींपैकी, एकालाही सुईत दोरा ओवता येत नाही. नाहीतर तुला पाठवलं नसतं.

आईला सांगितलंय की तू शहरात मोठ्या दुकानात लागलास. मालक वेळेवर जेवायला सोडतो का, असं ती रोज विचारते. मी रोज हो म्हणते. तिची नजर आता फारच मंद झालीय, काजं मीच करते. थंडी आहे, छाती झाकून झोपत जा. काम उरक आणि घरी ये.

माझा लोभ तुझ्या कामावर अवलंबून नाही. पण काम कर.

तुझी,
ताई


१५ जानेवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझं पत्र पोचलं. वाचलं, जाळलं, आणि जाळताना अंगठा भाजून घेतला, तेव्हा आठवण चांगलीच राहील.

इथली तऱ्हा ऐक. दारात दोन पहारेकरी झडती घेतात. बूट काढायला लावतात, टोपीचं अस्तर चाचपतात, आणि मग माझी हातभर लांब कात्री अदबीनं मला परत देतात, कारण ती कामाची वस्तू. शिवणघर दुसऱ्या मजल्यावर आहे. लांबलचक टेबल, उत्तरेची खिडकी, शेगडीवर तीन इस्त्र्या. कोपऱ्यात राणीच्या मापाचा लाकडी पुतळा आहे, पण तो दोन वर्षांपूर्वीच्या मापाचा. आता पुतळ्यावर बेतलेलं काहीच तिला होत नाही. ती इतकी वाळलीय की प्रत्येक पोशाख दर आठवड्याला आत घ्यावा लागतो. दंड तर आपल्या आईपेक्षा बारीक, सव्वासात इंच.

माप घेताना कपडेवाल्या बाई आमच्या दोघांच्या मधे उभ्या असतात. कपाटांच्या किल्ल्या त्यांच्याकडे आणि राणीचा राग काढायची जागाही त्याच. राणी तोंडाची फार फटकळ. पहिल्याच दिवशी तिनं विचारलं की गरम हातांचे शिंपी मिळायचे बंद झालेत का. मी म्हटलं की अनवाणी झडती दिली की हात कोणाचेही गार पडतात. कपडेवाल्या बाईंच्या हातातून टाचण्यांची डबीच पडली. दुसऱ्या दिवशी दारापाशी शेगडी आलेली होती. ती पहारेकऱ्यांसाठी आहे, असं मला मुद्दाम कळवण्यात आलं.

बाई मधून हलल्याशिवाय मला काही करता येत नाही. धीर धर. आईला सांग की मालक जेवायला सोडतो.

राग असला तरी लोभ ठेव.

तुझा,
धाकटा


२१ जानेवारी

धाकट्यास,
आशीर्वाद या वेळी एकच. पुरवून वापर.

तिच्या दंडाचं माप मला कशाला कळवलंस? मी तिला झबलं शिवणार आहे का? पानभर पत्रात इस्त्र्या आल्या, पुतळा आला, शेगडी आली, दादा कुठेच नाही. ती वाळली म्हणून तुझा जीव खालीवर होतोय हे मला इथून दिसतंय. वाळू दे. आपली आई काय गरगरीत झालीय?

मंडळी दर रविवारी दुकानात येऊन बसतात आणि काय झालं म्हणून विचारतात. मी त्यांना काय सांगू, की आमच्या धाकट्यानं तिला उलट उत्तर दिलं? त्यातला थोरला मला तोंडावर म्हणाला की शिंप्याच्या जातीला रक्ताची सवय नसते. मी त्याला दुकानाबाहेर काढलं. पण त्याचं म्हणणं खोटं पाडायचं काम माझं नाही, तुझं आहे.

आता पत्र पाठवशील ते काम झाल्यावरच पाठव.

ताई


९ फेब्रुवारी

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

काम झालेलं नाही आणि तरी पत्र पाठवतोय. शिव्या द्यायच्या त्या दे, पण आधी वाच.

मंगळवारी दुपारी राणीनं कपडेवाल्या बाईंना दुसरी बटणं आणायला तळघरात धाडलं. बाई गेल्या. खोलीत आम्ही दोघंच. ती खिडकीकडे तोंड करून, माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. केस वर बांधलेले, मान उघडी. पोशाखाची पाठ टाचायची होती म्हणून कात्री माझ्या हातातच होती. मी हात वर केला होता, ताई. तुझ्याशी खोटं बोलत नाही. दादाचा चेहरा आठवायचा प्रयत्न केला, आणि तो आठवलाही.

तेवढ्यात ती मागे न बघता म्हणाली की पाय दुखतायत, जे काय करायचं ते लवकर आटपा. मशीनवरून उठताना आई म्हणते ना, अगदी तसं. मला वाटलं टाचण्यांबद्दल बोलतेय. मी गुडघ्यावर बसलो आणि घेर टाचायला लागलो. टाचून झाल्यावर ती वळली. माझ्याकडे असं बघत होती की जणू मी तिची काही वस्तू चोरलीय. मग तिनं सगळ्या टाचण्या उपटून जमिनीवर टाकल्या आणि म्हणाली की तुमच्यासारखा नालायक माणूस या खोलीत आजवर आला नाही. बाई परत आल्या तेव्हा मी जमिनीवर टाचण्या वेचत होतो.

माझा हात का थांबला हे मला नीट सांगता येत नाही. जिचे पाय दुखतात ती बाई मारायला अवघड जाते, एवढंच कळलं.

कृपा कमी केलीस तरी चालेल, पत्र बंद करू नकोस.

धाकटा


१४ फेब्रुवारी

धाकट्यास,

आशीर्वाद संपले.

माझे पण पाय दुखतात. दिवसाला चौदा तास मशीन चालवते. आईचे पाय त्या तुरुंगाच्या दगडी पायरीवर सुजले, ते अजून उतरले नाहीत. तेव्हा तुला कोणाची कणव आली नाही ती आता आली. आणि ती सटवी स्वतः म्हणते तू नालायक आहेस. त्या एका बाबतीत तिचं माझं एकमत आहे.

तू लहान होतास तेव्हा दादा तुला खांद्यावर घेऊन फिरायचा. बाबा गेल्यावर त्यानं शाळा सोडली, ती तुझी सुटू नये म्हणून. हे तुला मी सांगायला हवं का? मला तुझी लाज वाटते. लाज वाटते आणि काळजीही वाटते, आणि काळजी वाटते याचा आणखी राग येतो.

एप्रिलपर्यंत वेळ आहे. नंतर मंडळी त्यांच्या मार्गानं जातील आणि मी त्यांना अडवणार नाही.

ताई


८ मार्च

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

बसून वाच.

तिला माहीत होतं. पहिल्या आठवड्यापासून माहीत होतं की मी दादाचा भाऊ आहे. कसं, ते ऐक. बाबा डावरे होते, आणि आपण तिघंही उजव्या हाताचे असून अस्तर बंद करताना त्यांच्यासारखा उलटा टाका घालतो. हात त्याच वळणानं जातो, विचार करून काही होत नाही. दुसरा कोणी शिंपी तसं करत नाही. दादाला पकडलं तेव्हा त्याच्या अंगात जो कोट होता, त्यानं स्वतः शिवलेला, तो तिनं मागवून घेतला होता. माझ्या नवऱ्याला मारणारा कसा होता ते बघायचं होतं, म्हणाली. वर्षभर तो कोट तिच्या कपाटात आहे. रोज उघडून बघायची. त्यातला टाका न् टाका तिला पाठ आहे. मी आत घेतलेला पहिलाच पोशाख तिनं उलटा करून बघितला आणि अस्तरावर तोच टाका होता. मी नाव बदललं, गाव बदललं, दाढी वाढवली, आणि टाका मात्र बापाचा घातला.

तिनं पहारेकऱ्यांना सांगितलं नाही. बाईंना बटणं आणायला पाठवलं ते मुद्दाम, पाठ केली ती मुद्दाम. तिला तेच हवं होतं. स्वतःच्या हातानं जमलं नाही, म्हणून माझी वाट बघत होती. मी घेर टाचत बसलो म्हणून तिचा संताप झाला होता.

परवा तिनं तो कोट माझ्यासमोर टेबलावर ठेवला. मग आम्ही भांडलो. मी इतकं कधी कोणाशी भांडलो नाही, तुझ्याशीसुद्धा. मी आईचं विचारलं. ती म्हणाली की हो, हुकूम माझाच, दारात त्या माणसाची आई बसलीय हे कळल्यावर मला तिचं तोंड बघायचं नव्हतं, बघितलं असतं तर सही झाली नसती, आणि सही मला करायचीच होती. माफी मागितली नाही. पुन्हा वेळ आली तर पुन्हा करीन, असंही म्हणाली. मी म्हटलं की तुमचा नवरा मेला तेव्हा आमच्या गल्लीत कोणाच्या डोळ्यांतून टिपूस आलं नाही. ती म्हणाली की येऊ नये, तो तुमचा कोण होता, पण माझा होता, घोरायचा, आणि आता मला झोप येत नाही. भांडण तिथेच थांबलं.

तेव्हापासून रोज बोलावते. शिवायला काही नसतं तेव्हाही. रोज भांडतो. ताई, या आठवड्यात तिची कंबर अर्धं बोट सैल करावी लागली. माझ्या हातानं शिवण उसवली आणि मला इतका आनंद झाला की मी दाराआड जाऊन उभा राहिलो. तुला आता सगळं कळलं असेल. माझं तिच्यावर प्रेम बसलंय. तिचंही आहे, ती ते शिव्यांमधून सांगते. यातून काही चांगलं निघणार नाही हे आम्हाला दोघांनाही कळतं. तिच्या दिरांचा तिच्या खुर्चीवर डोळा आहे, त्यांना नुसता वास लागला तरी पुरे. आणि माझ्या बाजूला तू आहेस.

मी तिला मारणार नाही. हे तुला स्पष्ट लिहायला हवं होतं.

दादा माझाही होता, एवढं मनात धरून लोभ ठेवता आला तर ठेव.

धाकटा


२ एप्रिल

तीन आठवडे तुला पत्र लिहिलं नाही, कारण काय म्हणून हाक मारावी ते कळेना.

ज्या हातानं सही केली तो हात तू हातात घेतोस. दादाचा कोट तिच्या कपाटात आणि भाऊ तिच्या पायाशी. आणखी काय उरलंय आमच्या घरात? सांग, पाठवून देते. आई राहिलीय, तिला नेऊन ठेव तिथे. नाहीतरी त्या दाराची पायरी तिच्या ओळखीची आहे.

मंडळींना मी सांगितलं की तू फिरलास. त्यांनी ठरवलंय ते आता लिहिते, आणि का लिहिते ते विचारू नकोस. बारा एप्रिलला सकाळी दहा वाजता ती काळे कपडे उतरवून सज्जात लोकांसमोर येणार आहे. खाली गर्दीत चौघंही असतील, दोघांकडे बंदुका. जागा मी बघून दिलीय, समोरच्या पेढीच्या पायऱ्या. त्यानंतर सगळे सीमेपलीकडे जातील. वर सज्जाच्या दरवाजात पोशाखाचा घेर धरायला शिंपी उभा असतो, हे मला माहीत आहे. म्हणून लिहिते. अकरा तारखेला काहीतरी कारण काढ आणि घरी ये. आई आजारी आहे म्हण. खरंच आहे.

तिला सांगशील तर मला फासावर चढवशील. सांगायचं असेल तर सांग. माझा धाकटा भाऊ कुठल्या मापाचा आहे ते तरी कळेल.

ताई


८ एप्रिल

ती. ताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझ्या पत्रात नमस्कार-आशीर्वाद नव्हता, तरी मी माझा लिहिलाय, तो घे.

मी तिला सांगणार नाही. सांगितलं तर तिला चौकशी करावी लागेल, आणि चौकशी तुझ्यापर्यंत येईल. आणि मी घरीही येणार नाही. फिकट निळा पोशाख आहे, बावीस दिवस लागले, आजवर शिवलेल्या सगळ्यांत चांगला. खांद्याची शिवण बाबांनासुद्धा आवडली असती. तो घालून ती सज्जात जाणार नाही, एवढंच मी बघीन. कसं ते माझं मी ठरवलंय, त्यात कोणाला इजा नाही.

तुझी काजं घट्ट होतात, दोरा थोडा सैल सोडत जा, हे सांगायचं राहून गेलं. पाववाल्या काकांकडे माझा स्वेटर दिलाय, उन्हाळ्यात मला लागत नाही.

माझ्यावर लोभ केलास हे मला तुझ्या रागावरूनच कळत आलंय.

तुझा,
धाकटा


१५ एप्रिल

शिंपीदुकानाच्या मालकीणबाईंस,

नमस्कार लिहीत नाही, कारण तो तुम्ही घेणार नाही. पाव आणणाऱ्या माणसाला मी स्वतः गाठलं. त्याच्याशिवाय या पत्राबद्दल कोणाला माहीत नाही.

बारा तारखेला सकाळी तुमचे भाऊ शेवटच्या टाचणीला आले. साडेनऊ झाले होते. ते घेरापाशी बसले, मोठी कात्री घेतली आणि खालपासून कमरेपर्यंत पोशाख उभा फाडला. मग उठून दोन्ही बाह्या कापल्या. मी दचकून हात ओढला, त्यात दंडावर बोटभर ओरखडा आला. कपडेवाल्या बाईंनी रक्त बघून किंकाळी फोडली. पहारेकरी आले. मी सज्जात गेले नाही. माझे दीर जाऊन लोकांना सांगून आले की राणीवर शिंप्यानं हल्ला केला. दुपारपर्यंत तो कोणाचा भाऊ आहे हेही त्यांनी शोधून काढलं. नाव मिळालं, घर अजून मिळालेलं नाही, तुमच्या थोरल्या भावानंही ते शेवटपर्यंत सांगितलं नव्हतं.

बावीस तारखेला न्यायमंडळापुढे उभं करतील. शिक्षा ठरलेलीच आहे. मी कोठडीत जाऊन विचारलं की पोशाख का कापलात. त्यांनी सांगितलं की बेतताना चुकला होता. खोटं बोलायला त्यांना अजिबात येत नाही. तो पोशाख चुकला नव्हता.

बाई, तुमची जीभ फार तिखट आहे आणि पहारेकऱ्यांपेक्षा ते तुम्हाला भितात, एवढं त्यांच्याकडूनच कळलंय. मला वाटतं, त्या सकाळी बाहेर काय होणार होतं ते तुम्हाला ठाऊक आहे. ते लिहून द्या. मला आत ठेवण्यासाठी त्यांनी कात्री चालवली हे मी मंडळापुढे दाखवीन, आणि त्यांचा जीव वाचेल. तुमच्या जिवाची हमी मी देत नाही. तुमच्या एका भावानं माझा संसार मोडला, आणि तुम्ही दुसऱ्याला मला मारायला पाठवलंत. तुमच्याबद्दल मला काहीही बरं वाटत नाही. पण तो माणूस मला जिवंत हवा आहे.

वेळ थोडा आहे. उत्तर द्या.

(सही करण्याची गरज नसावी.)


१७ एप्रिल

बाईसाहेब,

नमस्कार घेतला नसताच.

लिहून देते. सज्जासमोर माणसं होती, बंदुका होत्या, जागा मी दाखवली, सगळं मी घडवलं. माणसांची नावं देणार नाही, ती सीमेपलीकडे पोचली. माझं नाव, दुकानाचा पत्ता आणि अंगठा खाली दिलाय, म्हणजे अक्षर माझं नाही असं कोणी म्हणायला नको. धाकट्याला मी तुम्हाला मारायला पाठवलं हे खरं. त्यानं तुम्हाला मारलं नाही हेही खरं. आणि मी त्याला बारा तारखेला दूर राहा म्हणून कळवलं, तर त्यानं तुम्हालाच आत ठेवलं. ज्याला कापडाची चिंधी टाकवत नाही, त्यानं बावीस दिवसांचं काम स्वतःच्या हातानं फाडलं. ते वाचून मी मशीनवर डोकं ठेवून रडले. हे तुम्हाला का सांगते कोण जाणे.

आईला मावशीकडे पोचवलंय. दुकान आवरून बसलेय. गाडी पाठवा. मला काय करायचं ते करा, पण त्याला घरी सोडा.

तुम्ही मेलात तर मला आजही वाईट वाटणार नाही. हे मुद्दाम लिहिते, म्हणजे वरचं सगळं भीतीपोटी लिहिलं असं वाटायला नको.

शिंपीणबाई


२४ एप्रिल

बाई,

गाडी पाठवली नाही ती का, हे तुम्हाला सांगायला हवं.

तुमचं पत्र मी आधी त्यांना दाखवलं. तिथेच माझी चूक झाली. वाचून ते हसले आणि म्हणाले की ताईचं अक्षर काही सुधारणार नाही. मग दोनदा वाचलं. मग मला म्हणाले की हे पत्र मंडळापुढे गेलं तर तुमचे दीर माझ्याऐवजी ताईला लटकवतील, आणि आईला एकच लेकरू उरेल, तेही कामाचं नाही, असं तिला आयुष्यभर वाटत राहील. मी नाही म्हटलं. भांडलो. आमचं शेवटचं भांडण. ते म्हणाले की माझ्या भावाच्या वेळी तुम्ही एक सही हट्टानं केलीत, आता एक कागद हट्टानं फाडा. मी वचन दिलं. का दिलं ते तुम्ही विचाराल. समोर बसून त्यांनी मागितलं म्हणून.

बावीस तारखेला ते उभे राहून स्वतःच्या तोंडानं बोलले की मी मारायलाच आलो होतो, कात्री उगारली, राणीसाहेब हलल्या म्हणून नेम चुकला, मला बहीणभाऊ कोणी उरलेलं नाही. ते बोलत असताना तुमचं पत्र माझ्या बाहीत होतं. मी एकदा उठले. त्यांनी माझ्याकडे बघितलं, आणि मी खाली बसले. दीर हुकमावर सही करायला निघाले होते. मी करू दिली नाही, सही मीच केली. दुसऱ्या कोणाच्या हातानं ते व्हायला नको होतं. हे तुम्हाला कळणार नाही, आणि कळावं असा माझा आग्रहही नाही.

काल सकाळी झालं. देह तुमच्याकडे पाठवता येत नाही, पाठवला तर तुम्ही कोण ते उघड होईल. पत्र मी जाळलं. तुमच्या दुकानाचा पत्ता आता फक्त मला माहीत आहे. तुम्ही जिवंत राहावं म्हणून त्यांनी जीव दिलाय, तेव्हा वेडेपणा करून इथे येऊ नका. पुन्हा लिहूही नका. मी तुमचा द्वेष करत होते, तो आता करायलाही माझ्यात त्राण नाही.

राणी


२७ एप्रिल

बाईसाहेब,

लिहू नका म्हणालात, तरी लिहिते. हुकूम तुम्ही इतरांना द्या.

तुम्हाला कळणार नाही असं लिहिलंत. कळलं. दादाच्या वेळची सही मी माफ केलेली नाही, ही तर जन्मात करणार नाही. तुम्ही उठलात आणि परत बसलात. मी असते तर बसले नसते. त्यानं तुम्हाला वचन मागितलं, मला मागितलं नाही, कारण मी दिलं नसतं हे त्याला माहीत होतं.

आईला मावशीकडून परत आणलं, पण अजून काही सांगितलेलं नाही. काल तिनं पुन्हा विचारलं की मालक जेवायला सोडतो का. मी हो म्हटलं आणि मागच्या खोलीत गेले. मला त्याच्याबद्दल बोलायला कोणी नाही. मंडळी पळाली, आणि गल्लीत नाव काढायची सोय नाही. तो जानेवारीत इथून गेला, त्यानंतरचा तो फक्त तुम्ही बघितलाय. म्हणून विचारते. शेवटच्या सकाळी त्याला थंडी वाजत होती का? त्यानं स्वेटर मला पाठवून दिला होता. काही खाल्लं का? घाबरला होता का? लहानपणी घाबरला की तो बोटांनी हवेत टाके घालायचा, तसं करत होता का? तुमच्याशी भांडताना हसायचा का? मला तो भांडताना हसलेला आठवत नाही, माझ्याशी तर कधीच नाही.

खरं लिहा, मला बरं वाटावं म्हणून काही घालू नका. जेवढं आठवेल तेवढं लिहा, लांबलं तरी चालेल. पाववाले काका शुक्रवारी येतात.

तुमचा लोभ मला नको, माझा तुम्हाला मिळणार नाही. पत्र मात्र असावं.

शिंपीणबाई